टेबलाखालचा हिरवा उजेड

१२ जानेवारी

भिंगरीच्या आत्याबाईंना सप्रेम सलाम.

तुमचं पत्र पोचलं. इनमीन चार ओळी, त्यातल्या तीन ओळींत नकार आणि चौथीत सही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ते वाचून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "विषय संपला." मला काही तसं वाटलं नाही. ज्या बाईला नाही म्हणायला तीन ओळी लागतात, तिचं पक्कं ठरलेलं नसतं. म्हणून साहेबांना न विचारता हे पत्र लिहितेय. मी या बालगृहाची गृहमाता. मुलं मला नुसतं 'बाई' म्हणतात, तुम्हीही म्हणा.

तुमचा भाऊ गेला, वहिनी त्याच्या आधीच गेली. तुमच्याशिवाय या मुलीला रक्ताचं कोणी नाही. तुम्ही लिहिता की तुम्ही पडदे शिवता, एकट्या राहता, मुलांची सवय नाही, आणि तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती रांगतही नव्हती, तेव्हा तिला तुम्ही आठवणं शक्यच नाही. सगळं मान्य. पण आमच्याकडे फक्त लहान मुलं ठेवतात, जागाच तेवढी आहे. भिंगरीला लवकरच सात वर्षं पुरी होतील. उन्हाळ्यापर्यंत कोणी पुढे आलं नाही, तर तिला मोठ्या मुलींच्या संस्थेत जावं लागेल, लांब. तिथे ती नवव्या रांगेतली एक मुलगी होईल. मला ते बघवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

आता आमच्या घराची एक रीत सांगते. सकाळची प्रार्थना झाली, की दूध यायच्या आधी ज्याला स्वप्न पडलं असेल त्याने ते सगळ्यांना सांगायचं. कोणी हसायचं नाही, अर्थ काढायचा नाही, असं कसं होईल असं म्हणायचं नाही. इथे येणारी मुलं झोपेत दचकतात, त्यांना हे दिवसाउजेडी बोलून टाकलं की हलकं वाटतं. ज्याला पडलं नसेल त्याने शेजाऱ्याचं उसनं घ्यायचं, आपण साखर घेतो तसं. परवा एकाने हत्तीचं स्वप्न उसनं घेतलं आणि सांगताना दोन हत्ती केले.

भिंगरी आली तेव्हा बरेच दिवस गप्प होती. आता रोज एकच स्वप्न सांगते. "मी टेबलाखाली झोपलेय. कापडावर. उजेड हिरवा आहे. वर टकटक टकटक चाललंय. दोन पाय दिसतात, त्यातला एक हलतो. मला कोणी उठवत नाही." सांगताना तिचा आवाज असा सावकाश होतो, की दंगा करणारी पोरंही दूध मागायची विसरतात.

तुमच्या पत्रात 'पडदे शिवते' हे वाचलं आणि माझं शेगडीवरचं दूध उतू गेलं. ते टेबल तुमचंच का?

तुमची,
बाई

---

२७ जानेवारी

बाई, नमस्कार.

मी गोड बोलणारी बाई नाही आणि चर्चमध्ये जाऊनही बराच काळ लोटला. तेव्हा मला असल्या गोष्टींनी विरघळवायचा विचार असेल तर सोडून द्या, असं लिहायला बसले होते. तो कागद फाडला.

एका दुपारी माझा भाऊ तिला घेऊन आला होता. त्याला कामासाठी कुठेतरी जायचं होतं. माझ्याकडे एका नाटकगृहाचे पडदे होते, हिरवे, जाड, संपूर्ण खोली भरून. मूल ठेवायला मोकळी जागा नव्हती. कापणीच्या टेबलाखाली पडद्याच्या घड्या होत्या, त्यावर तिला ठेवलं. टेबलावरून कापड खाली लोंबत होतं, त्यातून उजेड आत हिरवा होऊन जात होता. मी मशीन चालवत राहिले. माझा उजवा पाय पेडलवर असतो. ती झोपली ती झोपलीच. मी तिला उठवलं नाही. मायेने नव्हे, काम घाईचं होतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. भावाला आठवत असेल असंही वाटत नाही. एवढ्याशा जिवाला ते आठवतं कसं? तुम्ही तिला माझ्याबद्दल काही सांगितलं होतं का? खरं सांगा.

पडदेवाली

---

६ फेब्रुवारी

आत्याबाई,

देवाशपथ म्हणायची आम्हाला बंदी आहे, म्हणून नुसतं सांगते: मी तिच्याशी तुमच्याबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते. नकार आलेल्या नातेवाइकाचं नाव आम्ही मुलांपुढे काढत नाही.

कसं आठवतं ते मला विचारू नका. मी तुमचं पत्र घेऊन आमच्या प्रार्थनेच्या खोलीत जाऊन बसले. तिथे दुपारी कोणी नसतं, बाकांवर ऊन सरकत असतं. तुम्हाला पटणार नाही, पण मला वाटतं प्रभूने ती दुपार तिच्यासाठी जपून ठेवली होती. तुमच्या हातून झाली आणि तुम्हालाच तिची किंमत नव्हती.

भिंगरी कशी आहे ते सांगते. उभी राहिली की स्वतःभोवती गिरक्या घेते, म्हणून भिंगरी. जेवताना बडबड, आंघोळीला आळस. तिच्या शेजारच्या पलंगावर आमची कुजबुज झोपते. चार वर्षांची चिमुरडी, एका खोलीत एकटी सापडली होती. तिच्या तोंडून आवाज असा निघत नाही, जे असेल ते भिंगरीच्या कानात. मग भिंगरी आम्हाला सांगते, "तिला पाणी हवंय," "तिचा बूट चावतो." सरकारी दुभाषीसुद्धा इतकी चोख नसेल.

तुमच्या कामात मधेच सुई थांबवून हिरव्या उजेडाचा विचार येतो की नाही? आला तर लिहा.

बाई

---

२० फेब्रुवारी

बाई,

आला. सांगायला लाज वाटते. काल दुपारी दाराला कडी लावली आणि टेबलाखाली शिरले. या वयात शिरणं सोपं आहे, निघणं अवघड. घरात हिरवं कापड होतं ते वरून सोडलं होतं. आडवी झाले. खालून सगळं वेगळंच दिसतं हो. टेबलाच्या लाकडावर खडूच्या रेघा आहेत, मला माहीतच नव्हत्या. धूळ तरंगत होती तीही हिरवी. रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, इतकी वर्षं या खोलीत मी एकटीच आहे असं धरून चालले होते, आणि एक मूल रोज झोपेत इथे येऊन जात होतं.

पाळकसाहेबांना आज वेगळं पत्र टाकलंय. मी भिंगरीला घेते. बालकल्याण समितीला जे काही विचारायचं ते विचारू दे, घर बघायचं तर बघू दे. आतल्या छोट्या खोलीतले कापडाचे गठ्ठे बाहेर काढलेत. खिडकीला हिरवा पडदा शिवतेय, माझ्या आयुष्यात स्वतःच्या घरासाठी शिवलेला पहिलाच. खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला म्हणाला, "काय हो, लग्नबिग्न ठरलं का?" म्हटलं, त्याहून मोठं ठरलंय.

तिला आठवते मी. मला अजून खरं वाटत नाही.

आत्या

---

१४ मार्च

बाई,

तुमचं उत्तर नाही. साहेबांचं पत्र आलं, त्यात सगळं ठीक आहे असं दिसतं, पण तुमचं नाही. तुम्ही गप्प बसणाऱ्यांतल्या नाही. भिंगरी आजारी आहे का? की मी काही वेडंवाकडं लिहिलं? पडदा शिवून झाला. दोन ओळी तरी टाका.

आत्या

---

१९ मार्च

आत्याबाई,

भिंगरी ठणठणीत आहे. मी गप्प बसले कारण मला हिंमत होत नव्हती. लिहायला घेतलं की काहीतरी काम आठवायचं. स्वयंपाकाची बाई म्हणाली, "बाई, ते कपाट तुम्ही तिसऱ्यांदा लावताय."

कुजबुजला ताप आला. तिला आजाऱ्यांच्या खोलीत वेगळं ठेवलं. त्या सकाळी भिंगरीची पाळी आली आणि ती म्हणाली, "आज माझ्याकडे नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "ती आजारी आहे ना." कोण? "जिचं आहे ती."

स्वप्न कुजबुजचं आहे. तिची आई घरी शिवणकाम करायची. दाराला हिरवी ताडपत्री होती, म्हणून उजेड हिरवा. टेबल, पाय, टकटक सगळं तिचं. तिने ते भिंगरीच्या कानात सांगितलं आणि म्हणाली, तू सांग, मला जोरात येत नाही. भिंगरीला स्वतःला स्वप्नं पडतच नाहीत. ती मला म्हणाली, "सांगताना मला छान वाटायचं. म्हणून मी 'तिचं' म्हणायचं सोडलं."

उसनं घ्यायची रीत मीच लावली, ते तुम्हाला मीच कौतुकाने लिहिलं, आणि तुमच्या भाचीचं स्वप्न मात्र तिचंच, असं धरून बसले. कारण मला ते तसं हवं होतं. भिंगरी खोटं बोलली नाही. मी घाई केली.

तिला तुम्ही आठवत नाही, आत्याबाई. तुमचा होकार ज्यावर उभा होता तेच नाही. तुम्ही तो मागे घेतलात, तर मी तुम्हाला बोल लावणार नाही. भिंगरीला अजून काही सांगितलेलं नाही. इतकंच, की उन्हाळा जवळ आलाय.

बाई

---

२४ मार्च

बाई,

पत्र वाचलं. त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

मी येते. हो म्हणायला नाही आणि नाही म्हणायलाही नाही. बघायला. मुलींना मी कोण ते सांगायचं तर सांगा, लपवाछपवी आता पुरे.

आत्या

---

८ एप्रिल

आत्याबाई,

तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात. तुम्ही लिहिलंत म्हणून मुलींना तुम्ही कोण आणि त्या स्वप्नावरून हे सगळं कसं जुळलं, ते मी आधीच सांगितलं होतं. मी तुम्हाला आवारात एकटं सोडलं ते तुम्हीच म्हणालात म्हणून, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, हे कबूल करते. कपड्यांच्या दोऱ्यांमधून जेवढं दिसलं तेवढं दिसलं. कुजबुज तुम्हाला बिलगली. भिंगरी लांब उभी राहिली, काहीतरी बोलली, आणि पाठ फिरवून आत आली. तुम्ही बाकावर तशाच बसून राहिलात. मग गेलात.

मी समजले. मुलीने तुम्हाला नको म्हटलं. लहान मुलं असं करतात, त्यांना स्वतःहून नको म्हटलेलं बरं वाटतं, दुसऱ्याने म्हणण्यापेक्षा. मी तिला विचारलं तर उठून कुजबुजकडे गेली. साहेबांना सांगितलंय की समितीने थोडं थांबावं.

एक मात्र कळत नाही. त्या दिवसापासून ती कुजबुजच्या मागे लागलीय. तिचे फ्रॉक धुते, केस विंचरते, आणि दुपारी तिला भिंतीशी उभं करून शिकवते, "जोरात बोल. तिथे मी नसेन. पाणी हवं तर पाणी म्हणायचं." कुजबुजची छोटी पिशवीही भरून ठेवलीय. मी विचारलं, ही कुठे निघाली? तर म्हणते, "तुम्हाला कळेल."

तुम्हाला काही कळतंय का?

बाई

---

१२ एप्रिल

बाई,

कळतंय. तुम्ही खिडकीतून पाहिलंत पण ऐकलं नाहीत. बसून सगळं लिहिते.

मी बाकावर बसले होते. भिंगरी समोर आली, बघत राहिली, गिरकी घेतली नाही. अनोळखी माणसाकडे बघतात तसं बघत होती. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तुमची कुजबुज आली. माझी बाही नाकाला लावली. मशीनच्या तेलाचा वास माझ्या कपड्यांना कायमचा असतो. तिने तो ओढून घेतला, आणि काही न बोलता बाकाखाली शिरून माझ्या पायाशी आडवी झाली. डोळे मिटले. दोरीवरच्या चादरींतून ऊन येत होतं. वारा आला की ते तिच्या अंगावरून हलत होतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

भिंगरी हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "हिलाच ने. स्वप्न तिचं आहे. मला मोठ्या मुलींकडे जायला काही होत नाही."

बाई, माझ्या मनात आलं ते लिहिते. एक क्षण मला वाटलं, खरंच हीच न्यावी. जी मला ओळखते ती. आणि मग या पोरीकडे बघितलं. सात वर्षांचीही नाही, आणि आपल्याला मिळणारं घर शेजारणीला देऊन टाकत होती, आपला पाव द्यावा तसं. मला भडभडून आलं. ती थोडा वेळ थांबली आणि आत गेली. मी गप्प बसले ते तिने हो धरलं. म्हणून ती पिशवी भरतेय.

मी चहा न घेता निघाले, कारण तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. मुलीने मला नको म्हटलेलं नाही. समितीला थांबवू नका.

घरी आल्यावर त्या दुपारचं मला आणखी आठवलं. झोपेत ती मूठ उघडायची आणि मिटायची. एका पायातला मोजा निघाला होता. ओठ दूध पिताना हलतात तसे हलत होते. मी काम घाईचं म्हणून उठवलं नाही असं लिहिलं होतं, पण दोनदा वाकून बघितलं होतं. इतक्या वर्षांनी हे जसंच्या तसं आहे माझ्याकडे. तिला मी आठवत नाही, ठीक आहे. मला ती आठवते. दोघींतल्या एकीला आठवलं तरी चालतं.

तिला तुम्ही काही सांगू नका. मी शनिवारी येते. मीच सांगेन.

आत्या

---

२ मे

आत्याबाई,

तुम्ही तिला काय सांगितलंत ते मी विचारलं नाही, आणि या वेळी खिडकीतही उभी नव्हते. कपाट लावत होते. तुम्ही दोघी आत आलात तेव्हा तिचं नाक लाल होतं आणि तुमचंही, एवढं पुरलं.

समितीच्या होकारानंतर भिंगरी तुमच्याकडे गेली की घर रिकामं वाटेल हे ठाऊक होतं. इतकी मुलं असताना एका मुलीने घर रिकामं कसं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कुजबुजने पहिल्या दिवशी तिच्या पलंगावरची उशी आपल्या पलंगावर नेली. पाणी मागितलं नाही, दूध मागितलं नाही.

परवा सकाळी प्रार्थना झाली. कोणाला स्वप्न नव्हतं. आणि कुजबुज बाकावर चढून उभी राहिली. "मी टेबलाखाली झोपलेय," म्हणाली. आवाज घोगरा, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. स्वयंपाकाची बाई दुधाचं पातेलं घेऊन दारातच थांबली. शेवटी एक वाक्य होतं, ते भिंगरीने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. "आणि त्या हलणाऱ्या पायाला मी हात लावते, तर तो थांबतो."

मग खाली उतरून दूध मागितलं. जोरात.

तिच्या आईचा काही पत्ता नाही. लागेल असंही वाटत नाही. पण ती आता बोलते.

भिंगरी कशी आहे? तिने तुम्हाला काय म्हणायचं ठरवलं?

बाई

---

१६ मे

प्रिय बाई,

तिने मला काहीच म्हणायचं ठरवलेलं नाही. 'ऐका ना' म्हणते. जास्त घाई असली तर नुसतं 'ना'. मी तिला आत्या म्हण असं सांगितलेलं नाही, येईल तेव्हा येईल.

हिरवा पडदा तिला आवडला नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "यानं अंधार होतो." काढला. आता खिडकी उघडीच असते आणि माझ्या कामावर धूळ बसते. टेबलाखाली तर ती पाऊलही टाकत नाही. टेबलावर बसते, कापडाच्या मधोमध, आणि मला कात्री मारायची तिथेच पाय सोडते. दिवसभर बडबड. मला वाटायचं माझी खोली शांत आहे, ती नुसतीच रिकामी होती. दुपारी कधी कधी ती बोलता बोलता थांबते, मीही मशीन थांबवते, आणि दोघी उगाच खिडकीतून बघत बसतो. अशा वेळी किती उशीर झाला ते दोघींच्याही ध्यानात येत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

कुजबुजला सुट्टीत आमच्याकडे पाठवता येईल का, ते समितीला विचारा. भिंगरी रोज विचारते, आणि खरं सांगायचं तर मीही वाट बघतेय.

काल दुपारी भिंगरी खाली रस्त्यावर गिरक्या घेत होती. घड्याळवाला गावाला गेला होता, तो परत आला आणि त्याने तिला पहिल्यांदाच पाहिलं. विचारलं, "कोणाची गं तू?" मी वर खिडकीत होते. हातातलं काम तसंच राहिलं. ती थांबली, तोल सावरला, आणि वर माझ्याकडे बोट केलं.

"तिची," म्हणाली. "मी अगदी छोटी होते ना, तेव्हापासून मी तिच्या लक्षात आहे."

मी खिडकीतून मागे झाले आणि खुर्चीवर बसून रडले. नंतर ती वर आली आणि म्हणाली, ऐका ना, भूक लागली. मग मी उठले.

तुमची,
भिंगरीची आत्या